बाबांनी घरबसल्या धरलेलं पार्सलचं काम: आता काय करू?

कोलंबसची_लेक

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी ओहायोत, कोलंबसजवळ राहते. आई गेल्यावर बाबांना एकटं ठेवायला नको म्हणून नोव्हेंबरात त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. बाबा सातारा जिल्ह्यात पोस्टात होते. ३४ वर्षं नोकरी, सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त. इथे पाच वाजता अंधार, बाहेर बर्फ, आम्ही दोघं कामावर, नातू शाळेत. दिवसभर माणूस करणार तरी काय? मी म्हणायचे, टीव्ही बघा. ते म्हणायचे, टीव्ही काय तिकडेही होता.

डिसेंबरात कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांना एक जाहिरात दिसली. घरबसल्या काम, पदाचं नाव ‘पार्सल तपासनीस’. घरी पार्सल येणार, ते उघडायचं, वस्तू फुटली-तुटली नाही ना ते बघायचं, फोटो काढायचा, आतलं दुकानाचं बिल काढून टाकायचं, ईमेलने येणारं नवं लेबल छापून चिकटवायचं आणि पोस्टात नेऊन द्यायचं. दर पार्सलमागे २० डॉलर, पण पहिले ३० दिवस उमेदवारीचे, पैसे महिना भरल्यावर एकदम. पार्सल आणि बाबा! त्यांना वाटलं, हे तर आपलंच काम. आम्हाला सांगितलं ते असं की ‘एका कंपनीचं थोडं टपाल बघतोय’. मीही कामाच्या गडबडीत बरं म्हटलं. हे माझं चुकलं.

परवा रात्री जेवताना बाबा म्हणाले, “इथल्या पोस्टाचं मला काही कळत नाही बाई. पत्ता आपला, पण नावं दर वेळी वेगळी. आमच्याकडे निदान ‘मार्फत’ तरी लिहायचे.” माझ्या हातातला घास तसाच राहिला. टेबलावर दोन पार्सलं होती. एकावर माझ्या घराचा पत्ता आणि कुणा अनोळखी बाईचं नाव.

बाबांनी वही ठेवली आहे. तारीख, वजन, पाठवणारं दुकान, घेणाऱ्याचं नाव, आतली वस्तू, पुढचा पत्ता. सगळं मराठीत, रकाने पट्टीने आखून. आलेली पार्सलं २६, पाठवलेली २४. फोन, कॅमेऱ्याच्या लेन्स, हेडफोन, भारी बूट. बहुतेक परदेशी गेलेत. बाबांच्या पासपोर्टचा फोटो आणि पैसे जमा करायला माझ्या बँक खात्याचा नंबर त्या लोकांकडे गेला आहे.

महिना गेल्या शुक्रवारी भरला. तेव्हापासून त्यांचा तो ‘सुपरवायझर’ फोन उचलत नाही, पण नवी लेबलं मात्र येतायत. हे चोरीच्या कार्डाचं प्रकरण आहे का? बाबांना अडकवतील का? व्हिसाचं काय? दोन पार्सलं समोर पडली आहेत, त्यांचं काय करू?

एडिसनचे_काका

लेकी, आधी घाबरणं थांबव. मग या क्रमाने चाल.

ती दोन पार्सलं त्यांनी दिलेल्या लेबलवर पाठवू नका. आजपासून एकही नाही. आतापर्यंत बाबांना ठाऊक नव्हतं, आता आहे. ठाऊक असून पुढचं एक पार्सल जरी गेलं तरी गोष्ट वेगळी होते.

न उघडलेलं पार्सल असेल तर त्यावर ‘पाठवणाऱ्याला परत’ असं इंग्रजीत लिहून टपालवाल्याकडे द्यायचं. उघडलं असेल तर घरीच जपून ठेवायचं आणि युएस पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसला कळवायचं. हे टपाल खात्याचे स्वतःचे पोलीस. शिवाय एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्रावर, म्हणजे आयसी३ वर, तक्रार टाक आणि गावच्या पोलिसांकडून रिपोर्टचा नंबर घे.

बँकेत जाऊन ते खातं बंद करून दुसरं उघड. ट्रान्सयुनियन, इक्विफॅक्स, एक्सपेरियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे तुझं क्रेडिट गोठव, म्हणजे तुझ्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येणार नाही. २०१८ पासून ते फुकट आहे. चॅट, ईमेल, लेबलं यातलं काहीही पुसू नकोस. राग येऊन त्या सुपरवायझरला शिव्याही घालू नकोस.

व्हिसाचं मात्र इथे कुणाचं ऐकू नकोस, माझंही नाही. पर्यटक व्हिसावर काम चालत नाही, हे खरं. बाबांना एक पैसा मिळालेला नाही आणि ते स्वतः फसले, हेही खरं. ही दोन्ही खरं इमिग्रेशनच्या वकिलासमोर एकत्र मांड, आणि कुठलाही जबाब देण्याआधी मांड.

रात्रपाळी_पुणे

ताई, मी खराडीत बसून अमेरिकेतल्या एका ऑनलाइन दुकानासाठी फसव्या ऑर्डरी हुडकायचं काम नऊ वर्षं करतोय. तुमच्या बाबांची वही आमच्या टीमला मिळाली असती तर आम्ही ती फ्रेम करून लावली असती.

हो, हे तेच आहे. याला रीशिपिंग म्हणतात. तुमचं घर म्हणजे त्यांच्या भाषेत ‘ड्रॉप’.

बाबांना समजेल असं सांगतो. चोराकडे कार्डाचे नंबर ढिगाने असतात. नंबर म्हणजे पैसा नव्हे, पैसा करायचा तर त्या नंबरावर वस्तू घ्यावी लागते आणि ती विकावी लागते. तो स्वतः बसलेला दुसऱ्या खंडात. अमेरिकन कार्डावर हजार डॉलरचा फोन घेऊन थेट तिकडे पाठव म्हटलं तर आमच्यासारखा कुणीतरी ती ऑर्डर अडवतो. तोच फोन ओहायोतल्या साध्या घरी, अंगणात मुलाची सायकल असलेल्या पत्त्यावर जाणार असेल तर? लोक एकमेकांना भेटी पाठवतातच. बिलाचा पत्ता एक आणि पोचवायचा दुसरा, अशा ऑर्डरी आमच्याकडे रोज हजारोंनी येतात. त्यातली वाकडी कुठली, ते ओळखायला माझ्याकडे काही सेकंद असतात.

इथली माणसं विचारतात, ओटीपी नव्हता का? आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसरी खूण सक्तीची केली. अमेरिकेत तशी सक्ती नाही. त्यातून २०१५ च्या ऑक्टोबरात तिकडे दुकानांतल्या चिपच्या कार्डांचे नियम बदलले, नकली कार्ड घासणं अवघड झालं, आणि चोर ऑनलाइनकडे वळले.

यात दोन थर असतात. एक कार्डं वापरून ऑर्डर देणारे. दुसरे, ड्रॉपची फौज सांभाळणारे. जाहिरात देणं, तो सुपरवायझर, ते चकाचक पोर्टल हे सगळं दुसऱ्यांचं. पहिले त्यांना वस्तूच्या किमतीतला वाटा देतात, कधी अर्ध्यापर्यंत. २०१५ मध्ये काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी अशा धंद्यांच्या आतल्या नोंदी मिळवून अभ्यासल्या. त्यातली जवळपास ८५ टक्के पार्सलं मॉस्को आणि आसपास गेली होती. या सगळ्या धंद्याची वर्षाची उलाढाल त्यांनी १.८ अब्ज डॉलर धरली होती. माल तिकडे का जायचा? कारण तिथे तो फोन महाग मिळायचा, विकायला वेळ लागत नसे.

आता मला सगळ्यात चीड येते तो भाग. त्याच अभ्यासात एका ड्रॉपचं सरासरी आयुष्य निघालं साधारण ३० दिवस. म्हणजे पगाराचा दिवस. पगार द्यायचाच नसतो. उमेदवारीचा महिना ठेवतात तो बाबांना पारखायला नाही, तेवढ्यात जेवढं निघेल तेवढं काढून घ्यायला. ज्यांचं कार्ड त्यांच्या हातात स्टेटमेंट पडतं, ते तक्रार करतात, तोवर पार्सल पुढे गेलेलं असतं. कार्डधारकाला पैसे परत मिळतात, दुकानाची वस्तूही जाते आणि पैसेही, वर बँकेचा दंड. तपास सुरू झाला की कागदावर एकच खरा पत्ता सापडतो, तुमचा.

ती लेबलंही बहुधा चोरीच्याच कार्डावर घेतलेली असतात. वहीत आणखी एक बघा, परदेशी पार्सलांच्या कस्टम्स फॉर्मवर किंमत किती टाकायला सांगितली होती?

स्पष्ट_बोलतो

कुणाला राग आला तरी चालेल. ३४ वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला दर पार्सलवर वेगळं नाव बघून पंचविसाव्या पार्सलापर्यंत शंका येत नाही? मला तरी पटत नाही. २० डॉलर दिसले की डोळ्यांवर झापड येते, एवढंच.

कोलंबसची_लेक

राग आला. दोन दिवस उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच. मग तुमचा प्रश्न मी बाबांनाच वाचून दाखवला.

शंका आली होती. चॅटमध्ये आहे. चौथ्याच पार्सलाला त्यांनी विचारलं होतं की नाव वेगळं का. उत्तर आलं, ‘ते आमचे ग्राहक आहेत, गोपनीयतेसाठी तुमच्या पत्त्यावर मागवतो.’ पुण्याच्या दादांनी विचारलं तेही निघालं. फोनच्या पार्सलावर किंमत ४० डॉलर लिहायला सांगितली, तेव्हा बाबांनी लिहिलं होतं की खोटी किंमत लिहिणं टपालाच्या नियमात बसत नाही. त्यावर ‘कंपनीला मिळणारा सवलतीचा दर आहे’ असं उत्तर, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट. बाबा म्हणाले, “वरून लेखी आलं की पुढे विचारायचं नाही, हीच सवय ना आमची.” मग बराच वेळ गप्प बसले.

आणि २० डॉलरचं म्हणाल तर, वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब आहे. २४ गुणिले २०, ४८० डॉलर. खाली लिहिलंय, ‘सायकल’. नातवाची जुनी लहान झालीय. जावयाच्या घरी राहून जावयाच्याच पैशाने नातवाला भेट कशी द्यायची, हा त्यांचा प्रश्न होता. मला तो ऐकूच आला नाही.

नाशिककर_७२

मी या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला आहे. दुबईला जाताना क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार चालू केले होते, परत आल्यावर बंद करायचे राहिले. (२०२० च्या ऑक्टोबरपासून नवं कार्ड येतं तेव्हा ते मुळात बंदच असतात. आपण चालू करतो आणि विसरतो.) एके रात्री पावणेतीनला मेसेज, अमेरिकेतल्या बुटांच्या दुकानात ६४८ डॉलर. ओटीपी नाही, काही नाही. तिथल्या तिथे कार्ड बंद केलं, बँकेला लेखी कळवलं, सकाळी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, चूक आपली नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तोटा आपल्यावर येत नाही. दोन महिने लागले, पण पैसे आले.

तेव्हा मी त्या बूट घेणाऱ्याला मनातल्या मनात जे काही बोललो ते इथे लिहिता येणार नाही. आज ताईंची पोस्ट वाचताना वाटलं, ते खोकं असंच कुणा आजोबांनी काळजीने उघडून, फोटो काढून, परत नीट चिकटपट्टी लावून पाठवलं असेल. शब्द परत घेतो. आजोबांपुरते.

रात्रपाळी_पुणे

@स्पष्ट_बोलतो, त्यांना झापडवाली माणसं नकोच असतात हो. लोभी माणूस तिसराच फोन स्वतःच्या खिशात घालतो. त्यांना हवा असतो वेळेवर उठणारा, वजन बरोबर करणारा, पोस्टाची रांग न चुकवणारा माणूस.

कोलंबसची_लेक

नऊ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

वकिलीणबाई भेटल्या. त्यांच्या सल्ल्याने त्यांच्यासमोरच आधी पोलिसांना आणि मग पोस्टल इन्स्पेक्शनला कळवलं. खातं बदललं, क्रेडिट गोठवलं. व्हिसाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहित नाही, पण बाबा ठरल्याप्रमाणे मेमध्येच परत जातील. ते लेबलवाले अजून रोज एक ईमेल टाकतात. कालचं लेबल ‘तातडीचं’ होतं.

काल इन्स्पेक्टर घरी आले. बाबांनी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोन पार्सलं त्यांनी आधीच वजन करून, दोरी बांधून ठेवली होती. दोरी कशाला म्हटलं तर ऐकेनात. मी वहीची पानं इंग्रजीत करून दिली. इन्स्पेक्टर रकान्यांवर बोट फिरवत बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, यांनी हे काम आधी कुठे केलंय? मी सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि बाबांशी हात मिळवला.

वही पुरावा म्हणून न्यावी लागेल म्हणाले. बाबांनी वही पुढे केली, पण हातातून सोडली नाही. मला म्हणाले, “त्यांना सांग, पोच लागेल. तारीख घालून.”

त्यांनी दिली.