मदत हवी आहे: पाण्याची ट्रॉली ओढायला घरची स्विफ्ट काढून बोलेरो घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

अंबड तालुक्यात आमची मोसंबीची १४० झाडं आहेत, नऊ वर्षांची. आधीची बाग २०१२-१३ च्या दुष्काळात सरपणाला गेली, त्यामुळं ही वाळू द्यायची नाही यावर घरात एकमत आहे. बाकी कशावरच नाही, म्हणून हा धागा.

मार्च संपला की आमची विहीर तळ दाखवते. दाजींच्या विहिरीला पाणी असतं, पण ती तीन किलोमीटरवर, आणि मधे कालव्याची चढण. मागच्या उन्हाळ्यात टँकरवाल्याची वाट बघून वैतागलो (त्याला आधी लग्नं, मग बांधकामं, मग आम्ही) आणि दोन चाकांची ट्रॉली बनवून घेतली. वर १००० लिटरची टाकी. झाडाला ४० लिटर, आठवड्यातून दोनदा, फक्त जगवण्यापुरतं. ओढायला घरची २०१३ ची डिझेल स्विफ्ट, मागं हूक वेल्डिंग करून.

सपाटीला निघाली बिचारी. चढणीवर पुढची चाकं मुरमात जागच्या जागी फिरायला लागली. हाफ क्लचवर धरली तर नारळाची शेंडी जळाल्यासारखा वास, आणि गाडी इंच इंच मागं. धाकट्यानं उडी मारून चाकामागं दगड लावला म्हणून ट्रॉली कालव्यात गेली नाही. क्लचप्लेट गेली. हुकानं मागचा पत्रा ओढला, डिकी आता आपटल्याशिवाय लागत नाही.

धाकटा म्हणतो स्विफ्ट काढ, ओळखीतली २०१७ ची बोलेरो आहे ती घे. वर तीन लाख घालावे लागतील. मी माहिती काढली तर स्विफ्टचा टॉर्क (इंजिनाचा ओढायचा जोर) १९०, बोलेरोचा १९५. पाचच्या फरकासाठी तीन लाख?

आणि खरी अडचण वेगळीच आहे. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जालन्याला न्यावं लागतं. येताना ती पार गळून गेलेली असते, मागच्या सीटवर आडवी होते. बोलेरोला मागं पाट्यांच्या कडक स्प्रिंगा, रिकामी गाडी खड्ड्यात उडते. शिवाय चढायला उंच.

अनुभव असेल त्यांनी सांगा. ‘ट्रॅक्टर घ्या’ एवढं म्हणू नका, तेवढे पैसे नाहीत.

प्रतिसाद १
भाऊ, टॉर्कचा आकडा बाजूला ठेवा. १००० लिटर पाणी म्हणजे एक टन, वर ट्रॉलीचं लोखंड. तुमची स्विफ्ट स्वतःच जेमतेम टनभर. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढायचं जड! त्यात ती पुढच्या चाकांवर चालते. हुकावर वजन पडलं की मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात, मुरमात फिरणारच. बोलेरो मागच्या चाकांवर चालते, वजन दीड टनाच्या वर, आणि चेसी (खालचा लोखंडी सांगाडा) स्वतंत्र असल्यानं हूक चेसीला बोल्ट करता येतो, पत्र्याला नाही.
पण चढापेक्षा उताराला भ्या. ट्रॉलीला ब्रेक आहे का? नसेल तर उतारावर तीच गाडीला ढकलते, बोलेरोलाही. अर्धी भरलेली टाकी तर नेऊच नका, वळणावर पाणी हिंदकळतं नि ट्रॉली झोल खाते. ५०० लिटरच्या दोन टाक्या करा, चढणीच्या फेरीला एकच भरा, एक्सलच्या जरा पुढं ठेवून. आणि ट्रॉलीचं आरटीओ पासिंग? कायद्यानं ट्रेलरची नोंदणी वेगळी असते.

प्रतिसाद २
१४० झाडं गुणिले ४० म्हणजे ५६०० लिटर. तुमच्या टाकीनं सहा फेऱ्या, जाऊन-येऊन ३६ किलोमीटर, तेही आठवड्यातून दोनदा. पाच हजार लिटरचा टँकर एका फेरीत जवळपास उरकतो. शेजारचे दोन बागायतदार धरा, तिघांत मिळून टँकरवाल्याला मार्चमध्येच उचल देऊन बांधून घ्या. आळ्यात उसाचं पाचट अंथरा, पाण्याची पाळी लांबते. गाडी आईसाठी राहू द्या.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. ट्रॉलीला ब्रेक नाही आणि पासिंगही नाही, खोटं कशाला बोलू. स्विफ्टला ती परत लावत नाही, हे पक्कं. पाचट आणतो, ऊस जवळच आहे.
टँकरचं पटतंय, पण एका शेजाऱ्याचं नि आमचं बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद आहे. दुसऱ्याला उद्या विचारतो.
रविवारी बोलेरो बघायला जातोय, आईला घेऊन. पायरीवर पाय ठेवून ती एकटी चढली आणि अंबड ते जालना कुरकुर न करता बसली, तर पुढचं बोलू. नाहीतर ट्रॉली विकायला आहे, टाकीसकट.