पूर्ण पाथ लिहिला की सुटलो, हे खरं नाही

काट्यावरचा : काल इथं एकानं नव्या पोरांना सल्ला दिला : 'स्क्रिप्टमध्ये पाथ कायम होमपासून पूर्ण लिहा, रिलेटिव्ह पाथ म्हणजे आळस.' (पाथ म्हणजे फाइलचा पत्ता; रिलेटिव्ह म्हणजे आपण उभे आहोत त्या फोल्डरपासून मोजलेला.) खाली सगळ्यांचं 'बरोबर, बरोबर'. मला ते खुपलं.

मी एका जिनिंगच्या वजनकाट्यावर आहे. पावत्या, हिशोब, बॅकअप, सगळं लिनक्सच्या शेल स्क्रिप्टवर, म्हणजे ओळीनं आज्ञा लिहिलेल्या फाइलींवर. माझ्या आधीच्यानं ओळीओळीत होम-स्लॅश-स्वतःचं नाव लिहून ठेवलेलं. डिसेंबरात, ऐन सीझनमध्ये, व्होल्टेज वाढून मदरबोर्ड जळला. नव्या मशीनवर युजरचं नाव वेगळं. एकही स्क्रिप्ट चालेना. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि मी ३८ ठिकाणी नाव बदलत बसलेलो. एक ओळ सुटली, नेमकी बॅकअपची. ८ दिवस बॅकअपच नाही.

स्क्रिप्टनं आपला फोल्डर आपणच शोधावा. सुरुवातीलाच डॉलर-झीरोचं (स्क्रिप्ट ज्या पाथनं चालवली त्याचं) डर्नेम, म्हणजे फोल्डर, काढा, तिथं सीडी करा (त्या फोल्डरात जा), अवतरणं विसरू नका. मग फोल्डर कुठंही उचलून ठेवा.

क्रॉनचा मार खाल्लेला : एका पतसंस्थेत माझी स्क्रिप्ट डॉट-स्लॅशनं फाइल लिहायची. हातानं चालवली की झकास. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारा, मात्र होममधून सुरू होतो. महिनाभर फाइली होममध्ये सांडत होत्या, ऑडिटच्या दिवशी फोल्डर रिकामा. पूर्ण पाथ लिहिला, ३ वर्षं तक्रार नाही.

काट्यावरचा : भाऊ, डॉट-स्लॅश तुम्ही उभे असता तिथून मोजतं, स्क्रिप्ट ठेवलेली असते तिथून नाही. माझी ओळ असती तर क्रॉननं काही बिघडलं नसतं. आधी नीट वाचा.

क्रॉनचा मार खाल्लेला : वाचूनच बोलतो. बिन फोल्डरमध्ये स्क्रिप्टचा सिम्लिंक (तिच्याकडं नेणारा शॉर्टकट) ठेवून चालवा, तुमच्या डॉलर-झीरोतून लिंकचा फोल्डर येतो.

प्रॅक्टिकलचे मास्तर : त्याला रीडलिंक हायफन-एफ आहे, ते लिंकमागची खरी फाइल सांगतं. मोठा धोका सीडी फसण्याचा. एका पोराच्या फोल्डरच्या नावात स्पेस होती, अवतरणं नव्हती. सीडी फसली आणि पुढच्या ओळीत आरएम स्टार, म्हणजे उभे असाल तिथल्या सगळ्या फाइली पुसा. सगळा प्रोजेक्ट माझ्यासमोर गेला. सीडीपुढं दोन उभ्या रेघा आणि एक्झिट लिहाच, म्हणजे सीडी फसली की स्क्रिप्ट तिथंच थांबते. आणि फोल्डरची नावं इंग्रजीत, स्पेसशिवाय ठेवा. 'सोयाबीन खरीप' वगैरे नको.

वऱ्हाडी टर्मिनल : काहून बा? लिनक्सले नाव म्हणजे निरे बाइट. स्लॅश आन् नल (शून्याचा बाइट) सोडून सारं चालते. माहे बाबा 'सातबारा' फोल्डर सोताच उघडतात. इंग्रजी नाव ठेवलं का मले फोन. तुमाले अवतरणं लावाचा कंटाळा, म्हणून त्यायनं इंग्रजी शिकाव?

प्रॅक्टिकलचे मास्तर : कंटाळा म्हणू नका. 'शेतकऱ्यांची यादी' ही फाइल दोघांनी दोन कळफलकांवर टाइप केली. एकाच्या नावात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्याच्यात र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना तंतोतंत एक, बाइट वेगळे. एलएस (फाइलींची यादी देणारी आज्ञा) फाइल दाखवतंय, स्क्रिप्ट म्हणतेय फाइल नाही. दीड दिवस गेला, शेवटी नावाचा हेक्सडंप (बाइट आकड्यांत) काढल्यावर कळलं.

वऱ्हाडी टर्मिनल : मंग दोष मराठीचा का हातानं टाइप कराचा? टॅब दाबा, नाव आपोआप पुरं होते. इंग्रजीतबी मोठ्या डीचं 'डेटा' आन् लहान डीचं 'डेटा' लिनक्सवर येगयेगळं असते. तवा 'इंग्रजी सोडा' कोणी म्हनत नाई. आपल्या भाषेवरच राग काहून?

प्रॅक्टिकलचे मास्तर : भाषेवर राग असता तर २० वर्षं मराठीत शिकवलं नसतं. मोठ्या-लहान डीचं तेवढं मान्य. पण तो फरक डोळ्यांना दिसतो, जोडक दिसत नाही.

क्रॉनचा मार खाल्लेला : नावांचं राहू द्या, धागा पाथचा आहे. काटेवाले, ऑपरेटर उभ्या जागेवरून 'आजची-यादी' फाइल स्क्रिप्टला देतो. सुरुवातीलाच सीडी केली तर ती कुठून सापडणार?

काट्यावरचा : हे खरं आहे. माझ्याकडं कुणी फाइल देत नाही, म्हणून अडलं नाही. मग सीडी न करता फोल्डर व्हेरिएबलमध्ये धरायचा. सोबतच्या फाइली त्यापासून, माणसानं दिलेली जशीच्या तशी. होम-स्लॅश-नाव तरीही चूकच.

क्रॉनचा मार खाल्लेला : नवीन लिहीन तेव्हा व्हेरिएबल वापरीन. पतसंस्थेतल्या चालत्या स्क्रिप्टला हात लावणार नाही.

वऱ्हाडी टर्मिनल : मास्तर, त्या जोडकाची तपासणी कशी करता ते टाका इथंच. बाबाच्या फोल्डरवर आजच चालवून पायतो.