मदत हवी आहे: घरी ओतलेल्या शिशाच्या वजनांवरील पावडर कोटिंगला फोड येतात आणि काही वजने भाजताना ओघळतात

गेल्या काही महिन्यांपासून मी मासेमारीच्या गळाला लावायची शिशाची वजने छंद म्हणून घरी ओतत आहे. माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा, दोन भागांचा, थेंबाच्या आकाराचे 60 ग्रॅमचे वजन देणारा साचा आहे. शिसे उघड्या जागी गॅसच्या शेगडीवर लोखंडी भांड्यात वितळवतो आणि पळीने ओततो. ओतलेली वजने प्लास्टिकच्या डब्यात पॉलिस्टर पावडर आणि प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांसह हलवली, की घर्षणाने तयार होणाऱ्या स्थिर विजेमुळे पावडर त्यांना चिकटते. नंतर ती फक्त याच कामासाठी ठेवलेल्या लहान ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सियसला 20 मिनिटे भाजतो. अडचणी दोन आहेत, आणि त्या दोन वेगवेगळ्या घाण्यांत आल्यामुळे त्यांचे मूळ एकच आहे की निरनिराळे, हे मला ठरवता येत नाही.

पहिला घाणा जुन्या नळाच्या मऊ, म्हणजे जवळजवळ शुद्ध, शिशाचा होता. वजने साच्यातून निघाली तेव्हाच त्यांच्या अंगावर सुरकुत्या होत्या. रंगाखाली त्या झाकल्या जातील असे समजून मी पुढे गेलो. भाजल्यावर मात्र रंगाला टाचणीच्या डोक्याएवढे फोड आले, काही फुटून खालचे शिसे दिसू लागले, आणि साच्याच्या तोंडाकडच्या बाजूला त्यांची संख्या सर्वांत जास्त होती.

कथील मिसळल्याने शिसे साच्यात चांगले भरते असे कळल्यावर दुसऱ्या घाण्यात मी 1 किलो मऊ शिसे आणि 1 किलो 60/40 सोल्डरच्या (डाक देण्यासाठीच्या कथील-शिशाच्या मिश्रणाच्या) कांड्या एकत्र वितळवल्या. वजने आरशासारखी गुळगुळीत निघाली आणि मला फार आनंद झाला, परंतु तोलल्यावर प्रत्येक वजन 60 ऐवजी 51 ग्रॅमच्या आसपास भरले. ओव्हनमध्ये तर त्यांची दशाच झाली: रंगातून चंदेरी थेंब बाहेर आले आणि वजने जाळीवर बसलेल्या बाजूने चपटी झाली. शिसे 327 अंशांना आणि कथील 232 अंशांना वितळत असेल, तर 200 अंशांना हे कसे होऊ शकते? ओव्हनचा काटा चुकीचा असेल काय?

आणखी एक शंका आहे. मळी (वितळलेल्या शिशावर जमणारा ऑक्साइडचा थर) काढण्यापूर्वी मी भांड्यात मेणाचा तुकडा टाकतो, तेव्हा बराच धूर होतो. तो शिशाचा धूर असतो काय, आणि तोंडाला कापड बांधणे पुरेसे आहे काय?

प्रतिसाद

आपण वजन करून पाहिलेत हे फार चांगले केले, कारण दुसऱ्या घाण्याचे उत्तर त्या 51 ग्रॅममध्येच आहे. 60/40 सोल्डरमध्ये 60 टक्के कथील असते. ते निम्मे-निम्मे मिसळल्यावर आपल्या मिश्रणात 30 टक्के कथील झाले. शिशाची घनता 11.34 आणि कथिलाची 7.3 च्या जवळ असल्याने या मिश्रणाची घनता सुमारे 9.7 येते, आणि 60 ग्रॅमच्या साच्यातून त्याचे बरोबर 51 ग्रॅमच निघायला हवेत. साचा पूर्ण भरला होता; धातूच हलका होता.

ओव्हनला दोष देण्याचीही गरज नाही. शिसे आणि कथील वेगवेगळे असताना ज्या तापमानांना वितळतात, त्या दोन्हींपेक्षा कमी म्हणजे 183 अंशांनाच त्यांचे मिश्रण वितळू लागते. सुमारे 62 टक्के कथील असलेले मिश्रण त्या तापमानाला संपूर्ण द्रव होते, आणि सोल्डर त्याच प्रमाणाच्या आसपास बनवतात ते त्यामुळेच. आपल्या 30 टक्क्यांच्या मिश्रणात 200 अंशांना सुमारे एक तृतीयांश भाग द्रव झालेला असतो आणि उरलेला घन कणांच्या रूपात त्यात रुतलेला असतो, म्हणजे आपण एक प्रकारचा ओला चिखल रंगवून भाजत होता. चंदेरी थेंब हा तोच द्रव भाग आहे. साचा भरण्यासाठी 1 ते 2 टक्के कथील पुरते. त्याहून जास्त घातल्याने खर्च वाढतो आणि, आपण पाहिलेच आहे, वजन घटते.

पहिल्या घाण्यातील फोडांचे मूळ रंगात नसून ओतकामात आहे, असे माझे मत आहे. सुरकुत्या पडणे म्हणजे साचा थंड असणे किंवा त्यात तेलाचा अंश असणे. धातूचा पुढचा पदर गोठतो, मागचा त्यावर येऊन दुमडतो, आणि त्या घडीत हवा अडकते. तोंडाकडे फोड जास्त का, हेही यातून पुढे येते: शिसे गोठताना सुमारे 3.5 टक्के आकसते, आणि वरून भर घातली नाही तर तोंडाखाली पोकळी राहते. ओव्हनमध्ये हीच हवा प्रसरण पावते आणि मऊ झालेल्या पावडरीला फुगवते. म्हणून साचा सॉल्व्हंटने पुसून पूर्ण कोरडा करावा, तो शेगडीच्या कडेला गरम करावा, पहिली पाच-सहा वजने केवळ साचा तापवण्यासाठी ओतून परत भांड्यात टाकावीत, आणि धार न तोडता ओतून तोंडावर थोडा जास्तीचा धातू राहू द्यावा. मऊ शिशासाठी भांड्यातील तापमान 370 ते 400 अंश ठेवावे. अंदाजावर न विसंबता तापमापक घ्यावा. याउलट वजनांच्या अंगावर पिठूळ पांढुरकी झाक दिसू लागली, तर साचा फार तापला आहे असे समजावे. ही झाक दिसायला वाईट असली तरी रंग तिच्यावर उत्तम धरतो, त्यामुळे मी तिची फारशी चिंता करत नाही.

रंगाआधी वजने हातमोजे घालून अ‍ॅसिटोनने पुसावीत (शेगडीपासून लांब), आणि रंग न लावता एकदा 210 अंशांना अर्धा तास भाजून थंड करावीत. जी हवा किंवा ओल निघायची ती तेव्हाच निघून जाते. ही पूर्वभाजणी अर्थातच मऊ शिशापुरती आहे, उरलेल्या सोल्डर-मिश्रणाला ती लावू नये.

दुसरा प्रतिसाद

धुराविषयी लिहितो. मेणाचा धूर हा मुख्यतः जळत्या मेणाचाच असतो. शिसे 1749 अंशांना उकळते आणि 400 अंशांच्या आसपास त्याची वाफ फारच थोडी होते. खरा धोका भांड्यावरून काढलेल्या मळीच्या राखाडी भुकटीत आहे, कारण ती ऑक्साइडयुक्त असते, हवेत उडते, कपड्यांना लागते आणि हातांवाटे तोंडात जाते. कापड ही भुकटी अडवत नाही. सूक्ष्म कण अडवणारा गाळणीचा मास्क वापरावा, मळी झाकणाच्या डब्यात भरावी आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. रक्तातील शिशाची सुरक्षित पातळी अशी कोणतीही नाही, आणि लहान मुलांना त्याचा त्रास सर्वांत अधिक होतो. घरात मुले असतील तर तपासणी करून घेणे योग्य ठरेल.

पाण्याचा एक थेंबही वितळलेल्या शिशाखाली गेला तर त्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो. परत टाकायची वजने, पळी, नवीन तुकडे, सर्व आधी तापवून कोरडे करावेत. गाड्यांच्या चाकांचा तोल साधण्यासाठी लावलेली जुनी वजने वितळवणार असाल तर त्यांत काही जस्ताची असतात. एकदा जस्त विरघळले की मिश्रण लापशीसारखे घट्ट होते. जस्त 419 अंशांना वितळते, म्हणून भंगार वितळवताना तापमान 370 अंशांच्या वर जाऊ न दिल्यास ते वर तरंगते आणि उचलून काढता येते. बॅटरीच्या पट्ट्या मात्र कधीही वितळवू नयेत. त्यांतील आम्ल आणि इतर धातू यांमुळे विषारी वायू निघू शकतात.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. काल साचा तापवून आणि तोंडावर भर ठेवून मऊ शिशाची 20 वजने ओतली. सुरुवातीची सहा परत भांड्यात गेली. उरलेली पूर्वभाजणी करून रंगवली. 14 पैकी 13 स्वच्छ निघाली, आणि ज्या एकाला फोड आला त्याची धार मी मध्येच तोडली होती, हे मला आठवते. आता उरलेल्या सोल्डर-मिश्रणाचे काय करावे, एवढाच प्रश्न आहे. त्यात आणखी शिसे घालून ते वापरता येईल काय?

प्रतिसाद

येईल, पण हिशेब पाहा. 2 किलोमध्ये 600 ग्रॅम कथील आहे, आणि ते 2 टक्क्यांवर आणायचे तर एकूण धातू 30 किलो व्हावा लागतो. एकदम तसे करण्यापेक्षा त्याच्या लहान वड्या ओतून ठेवाव्यात आणि दर 14 किलो मऊ शिशाला 1 किलो या प्रमाणात घालाव्यात. वडीवर खिळ्याने «30 टक्के कथील» असे कोरून ठेवा, कारण सहा महिन्यांनी ही वडी आणि मऊ शिशाची वडी सारख्याच राखाडी दिसतात.