गावाच्या नावातील ‘वली’ कोठून आली?

खाडीकाठचा: आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातील असून त्याच्या नावाच्या शेवटी ‘वली’ आहे. किनाऱ्यालगत माडांची आवली, म्हणजे ओळ, होती म्हणून ‘वली’, असे गावातील जाणती मंडळी सांगतात. कणकवली, डोंबिवली, बोरिवली या नावांतही हाच शब्द असावा काय?

मोडीवाचक: शब्द तोच असावा, परंतु तो ‘आवली’ नव्हे. संस्कृतातील स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत येताना बहुधा ‘ळ’ झाला (फल–फळ, देवकुल–देऊळ), तर जोडाक्षरातील ‘ल्ल’चा ‘ल’ राहिला. दीपावलीची दिवाळी झाली, तशी माडांच्या आवलीची ‘वळी’ किंवा ‘आळी’ झाली असती. आपल्या गावाने ‘ल’ टिकवला आहे, म्हणून मूळ शब्द ‘पल्ली’, म्हणजे वस्ती, हाच मला पटतो. दीपचा दिवा होताना ‘प’चा ‘व’ झाला, तसाच येथेही झाला. कन्नडमधील ‘हळ्ळी’ही याच कुळातली.

आगरातला: हा युक्तिवाद देखणा आहे, पण ‘वल्ली’पासूनही ‘वेल’ होते आणि तिथेही ‘ल’च राहतो. त्यामुळे एकट्या ‘ल’वरून ‘पल्ली’ सिद्ध होत नाही. शिवाय रायगड जिल्ह्यातील चौल हे जुने बंदर पाहा. प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीचे सिमुल्ला, कान्हेरी लेण्यांच्या शिलालेखांतील चेमूल आणि अरब प्रवाशांचे सैमूर हे सारे त्याच बंदराचे उल्लेख. ‘म’ जाऊन त्याचे चौल झाले, ते ‘ग्राम’चे गाव होते तसेच, ‘ल’ मात्र ‘ळ’ झाला नाही.

मोडीवाचक: चौलचा अपवाद मान्य. ‘वल्ली’बाबत मात्र एवढेच म्हणेन की, एवढ्या गावांना वेलींवरून नावे पडली असतील, त्यापेक्षा वस्तीवरून पडली असण्याचा संभव कितीतरी अधिक आहे, बोरिवलीत तर झाड आधीच ‘बोरी’त येऊन गेले आहे.

मुरुडकर: प्रत्येक नावामागे संस्कृत शोधू नये, इतकेच सुचवतो. आमचा जंजिरा अरबी ‘जझीरा’वरून, म्हणजे बेटावरून आला.

खाडीकाठचा: आपणा सर्वांचा आभारी आहे. सातबाऱ्यावर ‘वली’ असले, तरी आमच्या घरातील वृद्ध स्त्रिया गावाचे नाव ‘ओली’ असेच उच्चारतात, हे सांगायचे राहिले.

मोडीवाचक: मग दापोली, आंबोली यांचाही विचार याच ओळीत करावा लागेल. ‘अव’चा ‘ओ’ होणे नवे नाही. लवणाचेच लोण होऊन लोणचे झाले.