स्वतंत्र भारत पक्ष वाढला का नाही?

कोरडवाहू:
शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजाजी (सी. राजगोपालाचारी) आणि मिनू मसानींच्या, खुल्या अर्थव्यवस्थेच्या बाजूच्या स्वतंत्र पक्षाचं (१९५९ ते १९७४) हे धाकटं भावंड. परमिट नको, सबसिडी नको, सरकारने शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं. कार्यक्रम एकदम चोख. पण मूळ स्वतंत्र पक्षाने १९६७ला लोकसभेच्या ४४ जागा घेतल्या होत्या, आणि याच्या खात्यावर नाव घेण्यासारखं काय? २००४ला राजुऱ्यातून आमदार झालेले वामनराव चटप, आणि त्याच वर्षी भाजप-सेनेच्या टेकूवर जोशींची राज्यसभा.

माझ्या मते घोळ पायातच होता. १९८०च्या कांदा-ऊस आंदोलनात रस्त्यावर बसलेल्या माणसाला सरकारकडून भाव हवा होता. पुढे त्यालाच सांगितलं, सरकारकडे काही मागू नकोस. तो कशाला मत देईल? त्यात ‘मतं मागायला आलो तर जोडे मारा’ असं एके काळी सांगणाऱ्यानेच पक्ष काढलेला!

आडत्या:
साफ असहमत. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत अनुदान मागितलंय कुठे? सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आठवते का? स्वतःच्या रानातला कापूस, पण खाजगी व्यापाऱ्याला द्यायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. चुकारा मिळेल तेव्हा मिळेल. उसाला झोनबंदी, म्हणजे ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायचा, दोन कारखान्यांत अंतराची अट. कांद्याला भाव आला की निर्यातबंदी. जोशी याला ‘उणे सबसिडी’ म्हणायचे. म्हणजे सरकार देत नाही, उलट काढून घेतं. आंदोलन या लुटीविरुद्ध होतं. खुल्या बाजाराची मागणी त्यातूनच सरळ निघते. शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला डावे-उजवे सगळे शिव्या घालत होते तेव्हा हा माणूस शेतकऱ्यांपुढे उभा राहून समर्थन करत होता.

कोरडवाहू:
तर्क बरोबर आहे हो, पण मत तर्काला पडत नाही. आणि २००४ला एनडीएच्या वळचणीला गेल्यावर राजू शेट्टी शेतकरी संघटनेतून बाहेर पडले, ‘स्वाभिमानी’ काढली, उसाच्या दरावर लढले आणि २००९ला खासदार झाले. शेतकऱ्याने कुठला माल उचलला ते दिसलंच की.

सदाफुली:
तुम्ही दोघं भावातच अडकलात. १९८६चं चांदवडचं महिला अधिवेशन, नंतर संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम: नवऱ्याने स्वखुशीने बायकोच्या नावावर जमीन करायची. कायद्याचा बडगा नाही. स्वातंत्र्यवादी विचार इतका जमिनीवर दुसऱ्या कुणी आणलेला मला माहीत नाही. आणि त्याच माणसाने ९ मार्च २०१०ला राज्यसभेत महिला आरक्षणाविरुद्ध मत दिलं. १८६ विरुद्ध १. तो एक म्हणजे शरद जोशी. मला ते मत आजही पटत नाही.

आडत्या:
त्यांचा आक्षेप मतदारसंघ सोडतीने फिरते ठेवण्यावर होता. पुढच्या वेळी मतदारसंघच हातात राहणार नसेल तर तो बांधायचा कुणी? पटो न पटो, विचार करून दिलेलं मत होतं.

सदाफुली:
विचार असेलच. पण चांदवडला आलेल्या बाईला हे कोण समजावणार होतं? पक्षाकडे गावात शाखा नाही, बूथवर माणूस नाही.

पोटकलम:
एक गंमत कुणी सांगितली नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे नोंदणीच्या वेळी पक्षाला समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. १९८९पासूनची अट. म्हणजे समाजवादाला विरोध करायला काढलेल्या पक्षाने आधी त्याचीच शपथ घ्यायची! जोशींनी राज्यसभेत हा शब्द काढण्यासाठी खाजगी विधेयक आणलं होतं. झालं काही नाही. ज्या देशात उजव्या आर्थिक विचाराला अर्जावरच खोटं बोलावं लागतं तिथे ‘पाया चुकला’ म्हणणं जरा जास्तच होतंय.

कोरडवाहू:
शपथ सगळेच घेतात, पाळतं कोण! तिच्यामुळे एकही मत कमी झालं नसेल.

आडत्या:
मतंच मोजायची तर मोजा. जून २०१९मध्ये अकोल्यातल्या अकोली जहांगीरला बंदी असलेलं एचटीबीटी कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं ते शेतकरी संघटनेच्याच लोकांनी, अटकेची भीती असताना. तणनाशकाला दाद न देणारं वाण हवं, मजुरी परवडत नाही, हा सरळ हिशेब. त्याला पुढारी लागला नाही.

कोरडवाहू:
तेच तर म्हणतोय. बियाणं पेरायला येतात, बटण दाबायला येत नाहीत.