हायड्रॉलिक स्विम प्लॅटफॉर्म: टेंडरसकट रात्रभरात 6 सेंटिमीटर खाली येतो, डावी बाजू मागे राहते

मांडव्याचा_खलाशी

16 मीटरची मोटर यॉट आहे. मोसमात गेटवेसमोर नांगरावर असते, सध्या पावसाळ्यासाठी जमिनीवर घेतली आहे. मागे चार दांड्यांच्या लिंकेजवर हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म आहे आणि टेंडर (यॉटसोबतची छोटी होडी) त्याच्यावरूनच पाण्यात उतरतो. माहिती अशी: दोन डबल-ॲक्टिंग सिलिंडर (तेलाच्या दाबाने दोन्ही दिशांना चालणारे), बोअर म्हणजे आतला व्यास 50 मिमी, रॉड 30 मिमी, स्ट्रोक म्हणजे रॉडची पूर्ण चाल 300 मिमी. प्लॅटफॉर्मची उंची 1200 मिमी बदलते. प्लॅटफॉर्म वर असताना रॉड बाहेर असतात. पॉवर पॅक (मोटर, पंप आणि टाकीचा संच) 24 व्होल्ट, मोटर 1.2 किलोवॅट, टाकी 7 लिटर, तेल आयएसओ व्हीजी 32 (घट्टपणाचा दर्जा), रिलीफ म्हणजे कमाल दाब ठरवणारा व्हॉल्व्ह 160 बार. पायलट चेक व्हॉल्व्ह (तेल कोंडून भार धरणारा, उतरवताना दाबाने उघडणारा) पॉवर पॅकच्या ब्लॉकवरच आहे, सिलिंडरवर नाही. प्लॅटफॉर्मचं स्वतःचं वजन 180 किलो, टेंडर इंजिन-इंधनासह 310 किलो, पाटीवर क्षमता 400 किलो लिहिलेली आहे.

तक्रारी तीन. वर ठेवलेला प्लॅटफॉर्म सकाळपर्यंत 60 मिमी खाली येतो. उचलताना डावी बाजू दीड-दोन सेंटिमीटर मागे राहते आणि मग झटक्याने वर येते. आणि टाकीतलं तेल पातळ ताकासारखं दिसतंय.

दोन्ही सिलिंडरची सील किट मागवायची आणि रिलीफ 180 बारवर न्यायचा, असा विचार आहे. पुढच्या मोसमात 385 किलोचा टेंडर घ्यायचाही बेत आहे. काय सुचवाल?

तेलपाणी

रिलीफला हात लावू नका. आधी हा हिशेब बघा. प्लॅटफॉर्म 1200 मिमी चढतो आणि सिलिंडर 300 मिमी, म्हणजे सरासरी चौपट फरक. 180 अधिक 310 मिळून 490 किलो, त्याच्या चौपट 1960 किलोचा जोर दोन सिलिंडरवर वाटला जातो. 50 मिमी बोअरचं क्षेत्रफळ 19.6 चौरस सेंटिमीटर, म्हणून नुसतं धरून ठेवायला साधारण 49 बार लागतात. उचलताना घर्षण धरून आणि दांड्या आडव्या असतानाचा जादा भार धरून 55 ते 65 बार. तुमच्याकडे आधीच 160 आहेत. एवढं असूनही डावी बाजू अडते, म्हणजे दाब कमी नाही, कुठेतरी काहीतरी जाम आहे. रिलीफ वाढवलात तर तो जादा जोर त्या जाम जागेवरच बसेल आणि दांडी पिळवटेल.

आता खाली येण्याबद्दल. 60 मिमी म्हणजे सिलिंडरमध्ये 15 मिमी, म्हणजे प्रत्येकी 29 सीसी तेल. यातलं सगळं गळतीचं नाही. वर असताना बोअरच्या बाजूला 590 सीसी तेल कोंडलेलं असतं. दुपारपासून पहाटेपर्यंत ते 10 अंशांनी थंड झालं तर सुमारे 4 सीसीने आकसतं, आणि तेवढ्यानेच प्लॅटफॉर्म 8 मिमी उतरतो. उरलेले 50 मिमी मात्र खरी गळती.

ही गळती पिस्टन सीलची (सिलिंडरच्या आत बोअरची आणि रॉडची बाजू वेगळी ठेवणारं सील) की चेक व्हॉल्व्हची, हे ठरल्याशिवाय किट मागवू नका. यॉट जमिनीवर आहे, त्यामुळे चाचणी सोपी आहे. प्लॅटफॉर्म पूर्ण खाली टेकवा आणि हाताने सोडायच्या स्क्रूने उरलेला दाब काढा. मगच दोन्ही सिलिंडरच्या रॉडच्या बाजूचे होज काढा. हा क्रम उलटा करू नका. पिस्टन सील गेलेलं असेल आणि दोन्ही बाजू कोंडलेल्या असतील, तर वर धरलेल्या अवस्थेत रॉडच्या बाजूलाही दाब चढतो. भार मग फक्त रॉडच्या 7 चौरस सेंटिमीटरवर तोलला जातो आणि 49 चे सुमारे 136 बार होतात. अशा वेळी फिटिंग सैल केलं तर तेलाची धार कातडीत घुसते. चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करा.

होज काढल्यावर ब्लॉकच्या बाजूचं तोंड बुचाने बंद करा. सिलिंडरच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती एक लिटरच्या बाटलीत सोडा, टोक तेलात बुडलेलं हवं. आता टेंडर ठेवून प्लॅटफॉर्म वर घ्या. प्रत्येक बाटलीत 375 सीसीच्या आसपास तेल येईल. दोन्ही बाजूंना 100 मिमी ढील ठेवून साखळ्या बांधा, बाटलीवर पातळीची खूण करा आणि रात्रभर ठेवा. खाली कुणीही जायचं नाही.

बाटलीतलं तेल वाढलं तर त्या सिलिंडरचं पिस्टन सील गेलंय. आकडा लहान दिसेल, 15 मिमीला 10-11 सीसी, कारण बोअरमधून आलेल्या तेलातलं बरंचसं रॉडच्या बाजूची वाढलेली जागाच भरून काढतं. तेल कमी झालं, म्हणजे सिलिंडरने बाटलीतून ओढून घेतलं, तर पिस्टन सील ठीक आहे आणि तेल ब्लॉकवरच्या चेक व्हॉल्व्हमधून टाकीत परततंय. तेव्हा 15 मिमीला सुमारे 19 सीसी कमी होतील. चाचणी संपल्यावर प्लॅटफॉर्म हाताच्या स्क्रूनेच उतरवा, सावकाश.

पिनबुश

डाव्या बाजूसाठी: सिलिंडरची पिन काढा, दांडीला चेन ब्लॉकने आधार द्या आणि दांडी हाताने हलवून बघा. उजवीशी तुलना केली की लगेच कळतं. बहुतेक वेळा बुश (पिन ज्यात फिरते ती बाही) जाम झालेले असतात, आणि त्यातही नायलॉनचे. नायलॉन पाणी पितं, फुगतं आणि पिन आवळून धरतं. असिटाल या प्लास्टिकचे बुश फार कमी पाणी घेतात, बदलायचे तर तेच टाका. 30 मिमी पिनला 0.15 ते 0.2 मिमी मोकळीक ठेवा. बुश घट्ट ठोकून बसवला की आतला व्यास आणखी कमी होतो, म्हणून बसवल्यानंतर रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) फिरवा. तो फिरवायचा राहिला तर नवा बुशही पहिल्याच दिवशी जाम होतो.

दुसरं कारण ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये 316 स्टेनलेस स्टीलची पिन किंवा बोल्ट. मध्ये इन्सुलेट करणारी पेस्ट नसेल तर पांढरी भुकटी साठते, ती फुगून पिन धरते. पिन काढल्यावर भोकात पांढरं दिसलं तर हेच.

दोन्ही दांड्यांना जोडणारी आडवी नळीही तपासा. ती एक बाजू पुढे जाऊ देत नाही. तुमच्याकडे दोन सेंटिमीटरचा फरक पडतोय म्हणजे नळीच्या टोकाच्या की-वेमध्ये (पाचर बसते त्या खाचेत) खेळ आलाय किंवा वेल्ड सुटतंय. वेल्डवर डाय-पेनेट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारून बघा. हे दुर्लक्षित राहिलं तर डावी पिन सुटी करूनही दुखणं परत येईल.

आणि एक सवय. तुमच्या रचनेत वर असताना रॉड उघडे असतात. मुंबई बंदरातल्या पाण्यात गाळ बारीक असतो, तो आणि मीठ रॉडवर वाळतं. तसाच प्लॅटफॉर्म खाली घेतला की ते सगळं वायपर सीलमध्ये (रॉड आत जाताना पुसणारं बाहेरचं सील) ओढलं जातं. खाली घेण्याआधी गोड्या पाण्याची बादली रॉडवर ओता. याउलट प्लॅटफॉर्म दिवसचे दिवस पाण्यात ठेवू नका. रॉडच्या उघड्या भागावर बार्नॅकल (कठीण कवचाचे चिकटणारे समुद्री जीव) बसले की त्यांच्या कडा सील कापतात.

चोवीस_व्होल्ट

प्रेशर गेज बसवायला जागा नसेल तर मोटरच्या केबलला डीसी क्लॅम्प मीटर लावा. तुमच्या पंपाला 25 सेकंदांत प्लॅटफॉर्म वर न्यायचा असेल तर मिनिटाला 2.8 लिटर तेल लागतं. 60 बारला हे काम मोठं नाही, 25 ते 30 अँपिअर दिसायला हवेत. शेवटच्या टोकाला रिलीफ उघडल्यावर 55-60. मध्येच उचलताना 45 च्या वर गेले तर पिनबुश म्हणताहेत ते खरं.

व्होल्टेज मोटरच्या टर्मिनलवर आणि मोटर चालू असतानाच मोजा. बॅटरी मोटरपासून 9 मीटर दूर असेल तर केबल जाऊन-येऊन 18 मीटर. 16 चौरस मिमी केबलमध्ये 60 अँपिअरला 1.2 व्होल्ट जातात, तेवढं चालेल. 10 चौरस मिमीला 1.9 जातात, ते जास्त आहेत. मोटर मंद चालते, जास्त वेळ चालते आणि तापते. कॉन्टॅक्टर (मोटरचा विजेवर चालणारा स्विच) लॅझरेटमध्ये, म्हणजे यॉटच्या मागच्या डेकखालच्या कप्प्यात, उघडा असेल तर सीलबंद बसवा. मिठाने संपर्क चिकटले की बटण सोडूनही मोटर चालू राहते, म्हणून मुख्य आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) हाताशी असलेला बरा.

मांडव्याचा_खलाशी

चाचणी झाली. 8 तासांत दोन्ही बाटल्यांतलं तेल कमी झालं, डावीकडे 14 सीसी, उजवीकडे 15. प्लॅटफॉर्म 47 मिमी उतरला. टेंडरसह उचलताना 48 अँपिअर, डावी पिन काढून पाहिली तर दांडी हाताने हलतच नाही, भोकात पांढरी भुकटी आहे.

तेलपाणी

आकडे जुळतात. 15 सीसी भागिले 12.6 म्हणजे 12 मिमी, चौपट 48. दोन्ही पिस्टन सील चांगली आहेत, ती किट मागवू नका. ब्लॉकवरची चेक कार्ट्रिज (चेक व्हॉल्व्हचा काढता येणारा आतला भाग) काढा. भिंगाखाली सीटवर गंजाचे बारीक खड्डे दिसतील. ते ताकासारख्या तेलातल्या पाण्यामुळे. म्हणून नुसती कार्ट्रिज बदलून भागणार नाही, नवीही तशीच खराब होईल.

तेलाचा एक थेंब 130-150 अंशांच्या तव्यावर टाका. तडतडला तर पाणी आहे. टाकी रिकामी केली तरी सिलिंडर आणि होजमध्ये दीड-एक लिटर जुनं तेल राहतं. म्हणून भरा, भाराविना पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली करा, गरम असतानाच काढा, आणि हे तीनदा करा. पहिली दोन भरणी स्वस्त व्हीजी 32 ची चालतात. त्याच खनिज जातीचं तेल ठेवा, जैवविघटनशील एस्टर तेल यात मिसळू नका. पाणी आत येण्याच्या जागा दोन: वायपर सील, आणि लॅझरेटमधल्या दमट हवेत उघडणारा टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं तोंड). वायपर दोन्ही बदला, ब्रीदरला सिलिका जेलचा बसवा.

ब्लॉक उघडताच आहात तर भार धरणारे व्हॉल्व्ह थेट सिलिंडरच्या तोंडावर बसवून घ्या. सध्या होज फुटला तर टेंडरसकट प्लॅटफॉर्म पडेल. काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (भार धरून ठेवणारा आणि नियंत्रित वेगाने उतरू देणारा) घ्या, सेटिंग कमाल भाराच्या दाबाच्या, म्हणजे 65 बारच्या 1.3 पट, तुमच्याकडे 85 बार, पायलट गुणोत्तर 3:1. साधा पायलट चेक भार खाली ढकलत असताना उघडझाप करतो आणि प्लॅटफॉर्म थरथरत उतरतो. दोन्ही व्हॉल्व्हची सेटिंग गेजवर सारखी करून घ्या, नाहीतर एक बाजू मागे राहण्याचं नवं कारण तयार होईल.

पिनबुश

385 किलोच्या टेंडरबद्दल. पाटीवरचे 400 किलो म्हणजे प्लॅटफॉर्मवर ठेवलेलं सगळं. 385 मध्ये इंजिन, 40 लिटर पेट्रोलचे 30 किलो, नांगर, दोर, कव्हर धरलेत का ते बघा. कोरडं वजन असेल तर मर्यादा ओलांडली. शिवाय मोसमाच्या कडेला एक जोराची सर आली आणि 2 चौरस मीटरच्या कॉकपिटमध्ये 100 मिमी पाणी साठलं, तर 200 किलो वाढतात. प्लॅटफॉर्मवर असताना ड्रेन प्लग काढलेलाच हवा, आणि पाण्यात उतरवायच्या आधी लावलेला. प्लगला दोरी बांधून ती किल्लीच्या साखळीत अडकवा.

ट्रान्समचाही (यॉटची मागची उभी भिंत, जिथे प्लॅटफॉर्मचे ब्रॅकेट बसतात) हिशेब करा. प्लॅटफॉर्मसह 565 किलो, मध्य 1 मीटर मागे, दोन ब्रॅकेट, वरच्या-खालच्या बोल्टमध्ये 300 मिमी. प्रत्येक ब्रॅकेटच्या वरच्या बोल्टांवर 940 किलोची ओढ स्थिर अवस्थेत येते, लाटांत त्याच्या दुप्पट-अडीचपट. आतून बॅकिंग प्लेट आहे का, आणि लॅमिनेटचा (फायबरग्लासच्या थरांमधला) गाभा ओला झालाय का, हे ठोकून बघा. बद्द आवाज आला तर मोठ्या टेंडरचा विचार आधी तिथे थांबवा. डाव्या ब्रॅकेटचे बोल्ट तसेही काढावे लागणारच आहेत, तेव्हाच आतली बाजू बघून घ्या.