विमानात स्प्रे मारणाऱ्याला "नको" म्हटलं तर तो उद्धटपणा आहे का?

शेवंती

मागच्या महिन्यात पुण्याहून दिल्लीला चालले होते, सकाळची फ्लाइट. मला लहानपणापासून दमा आहे, तसा कंट्रोलमध्ये आहे, सकाळ-संध्याकाळ पंप घेते आणि अस्थालिन, म्हणजे त्रास झाला की घ्यायचा पंप, कायम पर्समध्ये असतो. मी मधल्या सीटवर, खिडकीशी एक काका, साठीच्या आसपासचे. दार बंद झालं होतं, विमान अजून जागेवरच उभं होतं आणि काकांनी बॅगेतून दुखण्यावरचा स्प्रे काढला, पँट गुडघ्याच्या वर सरकवली आणि दोन्ही गुडघ्यांवर चांगला चार-पाच सेकंद मारला. मग त्याचा वास येतो म्हणून वरून शर्टावर परफ्यूम. समोरच्या सीटच्या पाठीवर पांढरट थेंब बसलेले मला दिसत होते, इतक्या जवळून.

दोन मिनिटांत छाती आवळली आणि शिट्टी वाजायला लागली. दोन पफ घेतले. जरा बोलता यायला लागल्यावर म्हटलं, काका, प्लीज परत मारू नका, मला दमा आहे. ते म्हणाले, माझे गुडघे दुखतात, तुम्हाला त्रास होत असेल तर सीट बदला. फ्लाइट फुल्ल. शेवटी एअर होस्टेसने मागच्या एका मुलाला विनंती करून मला त्याची जागा दिली. पण उठून मागे जाताना पलीकडच्या रांगेतल्या बाई त्यांच्या मिस्टरांना म्हणाल्या, "एवढं नाजूक असेल तर लोकांनी विमानात बसू नये." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

माझं म्हणणं एवढंच आहे की कॅबिनमध्ये कुठलाही फवारा मारू नये, दुखण्याचा, डिओ, परफ्यूम, काहीच नाही. खाण्याच्या वासाबद्दल मी बोलत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

खिडकीसीट

तुम्हाला त्रास झाला त्याचं वाईट वाटलं, पण मी त्या काकांच्या बाजूने बोलणार आहे. माझ्या वडिलांना संधिवात आहे. दोन तास गुडघे मुडपून बसायचं म्हणजे काय होतं ते मी बघतो, उतरताना त्यांना दोघांनी धरून उभं करावं लागतं. दुखण्यावर औषध मारणं हा शौक नाही. आणि नियमाचंच म्हणाल तर असे स्प्रे विमानात न्यायला परवानगी आहे, एक कॅन अर्ध्या लिटरपर्यंत आणि माणशी सगळे मिळून दोन लिटर, म्हणजे ते काही चोरून आणलेलं नव्हतं. आज स्प्रे नको, उद्या बाम नको, परवा केसांना लावलेलं तेल नको. सार्वजनिक प्रवास आहे, १८० माणसं आहेत, प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे बाकीच्या १७९ जणांनी वागायचं हे होणार नाही. ज्याला आजार आहे त्याने आपली तयारी ठेवावी, आधी सांगावं, मास्क लावावा.

शेवंती

न्यायला परवानगी आहे म्हणजे आत मारायला आहे असं नाही ना. बामबद्दल मी काहीच म्हटलं नाहीये. बाम चोळा, मलम लावा, जेल लावा. त्या औषधाला माझा विरोध नाही, ते हवेत उडवण्याला आहे.

हँगरवाला

मी विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे म्हणून हवेचं थोडं सांगतो, कारण या विषयात दोन्हीकडून बरंच चुकीचं बोललं जातं.

केबिनमधली हवा साधारण अर्धी बाहेरून येते आणि अर्धी आतलीच फिल्टरमधून फिरते. तासाला २० ते ३० वेळा सगळी हवा बदलते, घरापेक्षा कितीतरी जास्त. ती वरून येते आणि खिडकीच्या बाजूला पायापाशी असलेल्या जाळीतून खाली जाते, म्हणजे पहिल्या रांगेतला वास तिसाव्या रांगेपर्यंत फारसा जात नाही, पण शेजारच्या सीटवर मात्र येतोच. आणि तो जो हेपा फिल्टर आहे, ज्याचं सगळे कौतुक करतात, तो धूळ, जंतू, बारीक थेंब असे कण अडवतो, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के. वास अडवत नाही, कारण वास म्हणजे वायू, तो जाळीतून सरळ पार होतो. फिल्टर आहे की, मग कशाला तक्रार, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

शेवंतीताई, तुमच्या बाबतीत वेळ सगळ्यात वाईट होती. विमान जमिनीवर उभं असताना हवेचा जोर कमी-जास्त असतो, आणि बऱ्याच विमानांत इंजिन चालू करताना तर एसीची हवा थोडा वेळ बंदच करतात, कारण तीच हवा इंजिन फिरवायला लागते. दार बंद झाल्यापासून ते इंजिन सुरू होईपर्यंत कुणी काही फवारलं की ते तिथेच बसतं. डोक्यावरचं गोल नॉझल लोक गार लागतं म्हणून बंद करतात, तुम्ही ते पूर्ण उघडून सरळ आपल्या तोंडावर घेत जा, शेजारचं बरंचसं बाजूला ढकललं जातं.

मालवणी_खाजा

मला या धाग्याची भीती वाटते, खरं सांगतो. तुम्ही म्हणालात की खाण्याच्या वासाबद्दल बोलत नाहीये, पण एकदा वासाचा नियम आला की तो पहिला कुणावर चालतो ते आम्हाला माहीत आहे.

गोव्याच्या मोपा विमानतळावरून मुंबईला येत होतो. आईने सुकट भाजून चटणी करून दिलेली, स्टीलच्या डब्यात, डब्याला रबर, वरून प्लास्टिकची पिशवी, तिला गाठ, ती पिशवी टॉवेलमध्ये आणि टॉवेल बॅगेत. डबा उघडायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या माणसाने नाक धरलं आणि होस्टेसला बोलावून म्हणाला, यांची बॅग इथून हलवा, मच्छी आहे. ती बिचारी मला विचारायला लागली, सर, बॅगेत काय आहे. आजूबाजूचे सगळे बघतायत. मी चाळीस वर्षांचा माणूस, घामाने भिजलो. आणि त्या माणसाच्या अंगाला अत्तर एवढं होतं की माझं डोकं मुंबईत उतरेपर्यंत दुखत होतं, पण त्याला कोण विचारणार? परफ्यूम म्हणजे स्वच्छता आणि मासळी म्हणजे घाण, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आमच्याकडच्या माणसांना शाळेपासून हे ऐकायची सवय आहे, डबा उघडला की बाकडं रिकामं.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात २०२३ साली पीएचडी करणाऱ्या भारतीय मुलाने डिपार्टमेंटच्या मायक्रोवेव्हमध्ये पालक पनीर गरम केलं म्हणून त्याला वासावरून टोकलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि विद्यापीठाला २ लाख डॉलर देऊन ते मिटवावं लागलं. तिथे पालक पनीर, इथे सुकट. म्हणून मी कुठल्याच वासाच्या नियमाच्या विरोधात आहे.

सांगलीकर

मालवणी भाऊ, बंद डब्यावरून तुम्हाला बोलला तो चुकलाच, त्यात वाद नाही. पण उघडणारे पण असतात हो. मी एकदा मधल्या सीटवर, एकीकडे उकडलेली अंडी, दुसरीकडे कांदा घातलेली भेळ, आणि त्यात विमान हलत होतं. पोटात ढवळून शेवटी पिशवी हातात धरून बसलो. मी स्वतः अंडी खातो, कांदा खातो, माझा त्या खाण्याला काडीचा विरोध नाही. दोन तास तर असतात, जाण्याआधी खा नाहीतर उतरून खा, बिनवासाचं खूप काही मिळतं, चपातीचा रोल करून आणा, चकली आणा, केळं आणा.

मालवणी_खाजा

दोन तास म्हणजे फक्त उड्डाण. घरातून चार तास आधी निघतो, एअरपोर्टवर साधा वडापाव घ्यायचा तर खिसा रिकामा होतो, म्हणून माणूस घरचं आणतो. आणि बिनवासाचं म्हणजे कुणाच्या नाकाला बिनवासाचं, हे कोण ठरवणार?

आजीचं_कूट

माझा मुलगा सात वर्षांचा, त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मराठी घरात हे म्हणजे काय असतं ते सांगते. पोह्यात दाणे, खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट, कुणाकडे गेलो तर पहिली वाटी चिवड्याची. दीड वर्षांचा असताना सासूबाईंनी प्रेमाने लाडू भरवला आणि ओठ, डोळे सुजून श्वास लागला, तेव्हा कळलं. त्या आजही तो लाडू आठवून रडतात.

विमानाचं सांगायचं तर सुरुवातीला मी पण वासालाच घाबरायचे. कुणी दाण्याचं पाकीट फोडलं की याला उचलून टॉयलेटपाशी नेऊन उभी राहायचे. नंतर आमच्या डॉक्टरांनी नीट समजावलं की ॲलर्जी होते ती दाण्यातल्या प्रोटीनमुळे, आणि दाण्याचा जो वास येतो त्यात ते प्रोटीन नसतं. नुसत्या वासाने मोठी रिॲक्शन होत नाही. मासे उकळताना किंवा तळताना मात्र वाफेबरोबर प्रोटीन उडू शकतं, ती गोष्ट वेगळी, पण विमानात कुणी मासे तळत नाही. खरा धोका पृष्ठभागाचा. आधीच्या प्रवाशाने चिक्की खाल्लेली असते, तोच हात ट्रेला, बकलला, सीटच्या पट्टीला लागलेला असतो, आणि माझा मुलगा ट्रेवर हात ठेवून तेच बोट तोंडात घालतो. एकदा ट्रे उघडला तर बिजागरीच्या फटीत दाण्याची लाल सालं अडकलेली होती. आता मी बसल्याबसल्या ओल्या वाइप्सने ट्रे दोन्ही बाजूंनी, हँडल, बकल, खिडकीची कड सगळं पुसते. सॅनिटायझर चालत नाही बरं का, जंतू मरतात पण दाण्याचा अंश तसाच हातावर राहतो, साबण नाहीतर वाइप्सच पाहिजेत.

आणि शेजारच्यांना सांगते. फक्त आमच्या रांगेला आणि पुढच्या-मागच्या. मागच्या वेळी एक आजी हातातली लोणावळ्याची चिक्की परत कागदात गुंडाळत म्हणाल्या, अगं, मी घरी जाऊन खाईन, लेकरापेक्षा काय जास्त आहे. आणि त्याच फ्लाइटमध्ये मागचा माणूस म्हणाला, ॲलर्जी-बिलर्जी सगळी परदेशातली फॅडं आहेत, आमच्या लहानपणी नव्हतं असलं काही.

खिडकीसीट

ताई, तुमच्या मुलासाठी मी पण पाकीट बाजूला ठेवेन, एका सेकंदात. पण मग विमान कंपन्यांनी अनाउन्समेंट करून सगळ्यांना दाणे बंद करावेत असं काही लोक मागतात ते तुमच्याच म्हणण्याप्रमाणे गरजेचं नाही ना?

आजीचं_कूट

अख्ख्या विमानाला उपाशी ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण कंपनीने स्वतः दाणे वाटू नयेत, एवढं तर करता येतं. अमेरिकेत साउथवेस्ट विमान कंपनीची ओळखच दाण्याची पाकिटं ही होती, त्यांनी ऑगस्ट २०१८ पासून बंद केली. शंभर पाकिटं वाटली की शंभर ट्रे माखतात. आणि खाण्यात काय आहे ते नीट लिहा. २०१६ साली लंडनहून फ्रान्समधल्या नीसला जाणारी, तिळाची ॲलर्जी असलेली १५ वर्षांची मुलगी एअरपोर्टवर घेतलेलं सँडविच खाऊन गेली, त्याच्या पावातच तीळ होते आणि पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. वडिलांनी विमानात ॲलर्जीवरची पेनसारखी दोन इंजेक्शनं दिली तरी वाचली नाही. त्यानंतर ब्रिटनमध्ये तिच्या नावाने कायदा झाला, २०२१ पासून लागू आहे. आपल्याकडे तर ते पेनसारखं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन सहज मिळत पण नाही, मी ॲम्प्युल, सिरिंज आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन फिरते, आणि सिक्युरिटीला दर वेळी सगळं उघडून दाखवते.

हँगरवाला

दम्याबद्दल एक राहिलं. विमान वर असताना आतली हवा ६ ते ८ हजार फुटांवर असते तशी विरळ ठेवलेली असते, महाबळेश्वर साडेचार हजारच्या आसपास आहे, म्हणजे त्याच्याही बरंच वर. आणि हवा एकदम कोरडी, आर्द्रता १०-२० टक्के. ज्याची श्वासनळी आधीच नाजूक त्याला खाली जे सहन होतं ते वर होईलच असं नाही. आणि कोरड्या हवेने नाकाची वास घ्यायची ताकद पण कमी होते, त्यात आपल्याच परफ्यूमचा वास आपल्याला थोड्या वेळाने येईनासा होतो, म्हणून लोक वर गेल्यावर परत मारतात आणि शेजाऱ्याला ते दुप्पट होतं. मुद्दाम करतात असं नाही.

खिडकीसीट

काल रात्री बाबांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले की शेजारी दमेकरी आहे हे कळलं असतं तर मी मारलाच नसता, गेटवर बसल्या-बसल्या मारून घेतला असता. म्हणजे माझा मुद्दा तोच राहतो, आधी सांगा. नियम करून माणसांना दम देण्यापेक्षा ते बरं. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी जेलची ट्यूब घेणार आहे, पण नियमाला माझा विरोध आहे तो आहे.

शेवंती

बाबांना नमस्कार सांगा. गेटवर मारला तर खरंच चालेल, दहा मिनिटांत उडायचं ते उडून जातं, कपड्यांना वास राहिला तरी मला काही होत नाही. पण आधी सांगा म्हणता, तर मी कुणाकुणाला सांगू? शेजारी कोण येणार, त्याच्या बॅगेत काय आहे, हे मला दार बंद होईपर्यंत कळत नाही. सीटबेल्ट बांधा, फोन फ्लाइट मोडवर टाका सांगतात, त्यातच एक ओळ, केबिनमध्ये स्प्रे वापरू नका. त्यात कुणाला दम नाही आणि कुणाची मान पण खाली जात नाही. पुढच्या बुधवारी परत दिल्लीला जायचंय, या वेळी चढतानाच क्रूला सांगणार आहे आणि नॉझल उघडं ठेवणार आहे.

मालवणी_खाजा, तुम्ही माझ्या शेजारी बसून डबा उघडलात तरी मी काही म्हणणार नाही.

सांगलीकर

मी म्हणेन. डबा उतरल्यावर उघडा, भाऊ.

मालवणी_खाजा

तुम्ही तोंडावर सांगितलंत तर नाही उघडणार. होस्टेसला बोलावून बॅग हलवायला लावलीत तर मात्र तिथेच उघडेन.